वैनीच्या लुगड्यामागं बघितलेलं बेळगाव

थांबा, हातातलं काम ठेवा बाजूला. हे आत्ताच्या आत्ता सांगितलं न्हाय तर मला घास उतरायचा न्हाय.

झालंय असं, निपाणीच्या मावशीच्या पोरी दोन दिवस येणार हायत. निरोप आलाय, बेळगावात काय बघायचं, कुठं खायचं, कुठं फिरायचं ते ठरवून ठेव. मी ठरवायला बसले. किल्ला म्हटलं, तर लुगडं डोळ्यापुढं. हॉटेल म्हटलं, तर परत तेच लुगडं! कारण मी बेळगाव नीट बघितलं ते एकदाच, गेल्या साली, आणि तेबी सगळं एका लुगड्याच्या मागं पळत.

आम्ही शहापूरचे. आमचं शहापूर सांगलीच्या संस्थानात नि बेळगाव इंग्रजांचं, मधी नुसता रस्ता. पण घरात माग असला की रस्ता ओलांडायला सवड कुठली? आमच्यात दोन माग. एकावर आप्पा बसायचे, दुसऱ्यावर माझा थोरला भाऊ, अण्णा. लढाईमुळं सूत मिळंनासं झालं तसा अण्णा निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला गेला. माग पडला रिकामा. आप्पा म्हणाले, "विकून टाकू." तर अण्णाची बायको, आमची वैनी, कधी मान वर करून न बोलणारी, म्हणाली, "मामंजी, मी बसते की."

आमच्या घरात बायकांनी कांड्या भरायच्या, मागावर पुरुषांनी बसायचं. कांडी म्हणजे मागावर इकडनं तिकडं पळणाऱ्या धोट्यात बसवायची सुताची नळी. आप्पांनी एका लुगड्यापुरतं सूत पुढं सरकवलं. वैनीनं काय करावं? नेहमीचा काठ सोडून स्वतःच्या डोक्यातला काठ घातला, जोंधळ्याच्या कणसांचा! जांभळ्या अंगाला पिवळी कणसं, एकाला एक लागून. मला तर ते लुगडं घडी घालताना पोटाशी धरावंसं वाटलं. पण सूत देणारा सावकार ते घेऊन जाताना तोंड वाकडं करून म्हणाला, "असला काठ कोण नेसणार? पुन्हा सूत मागू नका." झालं. वडगावचा एक माणूस माग बघायला येणार असं ठरलं. सोमवती अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी.

अमावास्येला बाकीची माणसं बाहेर पडायला कचरतात, आमची मागवाल्यांची तीच सुट्टी. अण्णा निपाणीहून आलता. वैनीचं उतरलेलं तोंड त्यानं बघितलं नि म्हणाला, "चला, आज बेळगाव दाखवतो. कपिलेश्वर, किल्ला, हॉटेलात खाणं, नि मग सिनेमा!" सिनेमा त्याला स्वतःलाच बघायचा व्हता, हे आमाला कळलंच. पण मी काय बोलतेय, मी तर तवर चपलाबी घातल्या!

कपिलेश्वराला ही गर्दी. बेलाचा वास, ओल्या फरशा, बाहेर फुटाण्याच्या पाट्या. मी नंदीच्या कानात माझं मागणं सांगत व्हते, तेवढ्यात वैनीनं माझं मनगट असं आवळलं की बांगडी पिचली.

"वन्सं, कणसं!"

"कुठली कणसं?"

"ती बघा की!"

पायऱ्या उतरत एक गोरटेली बाई चाललेली, संगं एक म्हातारी. अंगावर जांभळं लुगडं नि त्याला पिवळी कणसं! वैनीचंच! बेळगावात तसलं दुसरं लुगडंच नव्हतं. वैनीच्या तोंडावरचा रंग गेला नि परत आला. म्हणाली, "नेसलंय बघा कुणीतरी."

त्या दोघी टांग्यात बसल्या. टांगेवाला ओरडला, "किल्ला!" आम्ही अण्णाला दुसऱ्या टांग्यात कोंबलं.

अण्णा म्हणाला, "अगं, किल्ला नंतर व्हता! आधी देवळात बसूया निवांत."

"बसा तुम्ही," वैनी म्हणाली. अण्णाला तिनं एवढं सडेतोड बोललेलं मी पैल्यांदाच ऐकलं. अण्णानंबी, कारण त्यानं लगेच टांगेवाल्याला "हाक" म्हटलं.

किल्ल्यात जुनी बस्ती हाय, जैनांचं देऊळ. काळा दगड, आत गेलं की गार. वर छताला दगडाचं कमळ लटकतंय, पाकळी न् पाकळी मोजून घ्यावी असं. तुम्ही गेलासा तर खांबाला पाठ लावून वर बघा, मान मोडली तरी बघा. सगळी माणसं वर बघत व्हती. वैनी खाली, बाईच्या घोळाकडं. "निऱ्या बघा कशा पडल्यात," ती पुटपुटली. "मला वाटलं व्हतं काठ ताठ राहील. न्हाय, वळतोय की छान."

"जाऊन बोल की तिच्याशी," मी म्हटलं.

"काय बोलू? अहो बाई, तुमचं लुगडं माझं हाय?"

अण्णा मधीच, "मला भूक लागलीय. लुगडं खाता येत न्हाय."

देवानंच अण्णाचं ऐकलं. त्या बायकांचा टांगा खडेबाजारात एका हॉटेलापुढं थांबला. मी जन्मात हॉटेलात गेलेली नव्हते! आत बायकामाणसं घेऊन आलेल्यांसाठी पडदा लावलेली खोली, संगमरवरी फळ्यांची टेबलं, एकाला लागून एक बाकडी. आमचं बाकडं त्यांच्या बाकड्याच्या पाठीला पाठ. डोसा आला, काठ कुरकुरीत, आत बटाट्याची भाजी, लोण्याचा गोळा वितळत चाललेला. कॉफी पितळेच्या वाटीत, फेसाळ. वरनं कुंदा, खव्याचा, तांबूस, खमंग, दाताला जरा लागणारा. अजून जीभ चाळवतेय. तुम्ही जाल तिथं कुंदा मागाच. आम्ही दोघं तुटून पडलेलो. वैनीनं तुकडासुद्धा मोडला नव्हता.

कारण त्या बाईचा पदर बाकड्याच्या पाठीवरनं आमच्या बाजूला लोंबत व्हता.

आता मागवाल्याची एक खोड सांगते. तुम्ही लुगडं सुलट बाजूनं बघता. आम्ही आधी उलटं करतो. धागे मागं कसे ओढलेत, गाठी कुठं हायत, चिमटीत चोळून बघतो, आणि कधी कधी हातानंच कळतंय असं म्हणून डोळेबी मिटतो. हे घरात ठीक हाय, दुकानात ठीक हाय. वैनीनं ते हॉटेलात केलं! परक्या बाईचा पदर उचलला, उलटा केला, डोळे मिटले आणि चोळायला लागली.

"अगं बाई! चोर! पदराला हात घालतेय!"

बाई ताडकन उभी. म्हातारी उभी. हॉटेलवाला पडदा सारून आत, "काय झालं, काय झालं?" अण्णाच्या तोंडात अर्धा डोसा, त्याला "माझी बायको हाय" एवढंबी बोलता येईना.

वैनीनं पदर काय सोडला न्हाय. म्हणाली, "आक्का, चोर न्हाय हो. हे म्या विणलंय."

"बायका विणतात व्हय कुठं?"

"एकच विणलं. पदराच्या जोडाला आतनं बघा, एक हिरवा धागा हाय. जांभळं सूत सरलं व्हतं."

म्हातारीनंच जोड उलटा करून डोळ्याजवळ नेला. आणि खुदुखुदू हसायला लागली. "हाय गं, हिरवा हाय! आणि मी म्हणत व्हते दुकानदारानं फसवलं!"

मग बाई बाकड्यावर बसली नि वैनीचा हात धरून तिलाबी बसवलं. म्हणाली, "शहापूरच्या दुकानात गठ्ठ्याच्या तळाला व्हतं. मीच ओढून काढलं. माझी नणंद, या सासूबाईंची लेक, तसलंच मागत बसलीय, लग्न हाय तिचं. दुकानदार म्हणाला, असला काठ आता यायचा न्हाय."

"यायचाच न्हाय," वैनी म्हणाली. "उद्या माग विकणार हायत." आणि रडायलाच लागली. कॉफी तशीच गार.

म्हातारीनं काय करावं? खाल्लेल्याचे पैसे टाकले, आमचेसुद्धा, आणि म्हणाली, "उठा. कुठाय तुमचा सासरा?"

अण्णा कळवळून म्हणाला, "आजी, सिनेमा..."

"सिनेमा कुठं पळून जात न्हाय. माग जाईल!"

आप्पा सोप्यात पान लावत बसलेले. दारात टांगा, टांग्यातनं दोन परक्या बायका, मागनं आम्ही. आप्पांच्या हातातला चुना तसाच राहिला. म्हातारीनं चप्पल काढायच्या आत सुरुवात केली, "अहो, एवढी गुणाची सून आणि माग मोडीत काढताय व्हय? माझ्या लेकीच्या लग्नात मी काय कपाळ नेसवू?"

आप्पा त्या बाईच्या काठाकडं बघत राहिले. घरात असताना त्यांनी ते लुगडं एकदाबी नीट बघितलं नव्हतं. आता चालत्या माणसाच्या अंगावर ती कणसं हलत व्हती. वैनी दाराच्या चौकटीला नख लावून उभी.

मग आप्पा म्हणाले, "नवरीला रंग कुठला पायजे?"

म्हातारीनं तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "मला नगा सांगू. सूनबाई, तुम्हीच इचारून घ्या. विणायचं तुम्हाला हाय. सावकाराचं मी बघतो." आणि अण्णाकडं वळून, "तू काय बघत बसलास? वडगावला जा. त्या माणसाला सांग, माग द्यायचा न्हाय."

सिनेमाची वेळ टळत चालली व्हती, तरी अण्णा हसत हसत गेला. वैनी आणि ती बाई चुलीपाशी बसून डाळिंबी की मोरपंखी यावर अशा भांडत व्हत्या की जणू दोघी एका घरात वाढल्यात. आणि मी नुसती इकडनं तिकडं, कुणाला पाणी दे, कुणाला गूळ दे, पाय जमिनीला लागंनात.

आता तुम्ही सांगा. तुमच्या हातनं झालेली एखादी वस्तू, लुगडं म्हणा, मडकं म्हणा, शिवलेली चोळी म्हणा, परक्या माणसाकडं, त्यानं हौसेनं वापरलेली, अशी अवचित रस्त्यात भेटलीय का तुम्हाला? आणि तवा तुम्ही गप्प राहिलासा, का हात घातलासा?