बेल वाजण्याआधी

परबांच्या घरातला कुकर थांबेना, तेव्हाच मी हातातली पिशवी खाली ठेवली. शनिवार होता, सकाळच्या शाळेतले तास घेऊन मी नुकतीच घरी आले होते. आमच्या भिंतीपलीकडच्या त्या स्वयंपाकघरात तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद होतो, हे साऱ्या मजल्याला ठाऊक होतं. परबवहिनी कुकर लावला की गॅलरीत येऊन उभ्या राहत आणि तिसरी शिट्टी झाली की पदर तोंडाशी धरून, लढाईवर निघाल्यासारख्या आत जात. त्या दिवशी चौथी झाली, पाचवी झाली... मी धावले. त्या गॅलरीतच होत्या, कठड्याला टेकून बसलेल्या, तोंड घराकडे. मी आधी आत जाऊन गॅस बंद केला आणि मग त्यांना हाक मारली. हा क्रम मला अजून टोचतो. त्यांना मात्र तो पटला असता.

पुढे सोसायटीच्या आवारात त्यांची शोकसभा झाली. सेक्रेटरींनी माइक फुंकून पाहिला आणि वहिनींना ‘धैर्याचा मेरुमणी’ करून टाकलं. हेच विशेषण त्यांनी मागे एका निवृत्त विक्रीकर अधिकाऱ्यांनाही घातलं होतं, त्यामुळे ते जरा सैल झालेलं होतं. “भीती हा शब्द त्यांना माहीतच नव्हता,” ते म्हणाले. शेजारच्या खुर्चीतले वहिनींचे यजमान परबभाऊ माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, “बाई, ह्यो कोणाबद्दल बोलता?”

खरंच कोणाबद्दल? परबवहिनींइतकं भित्रं माणूस मी मुलुंडात दुसरं पाहिलं नाही. पाल, फटाके, सिलिंडर बदलणं, दारावर आलेला नंदीबैल, यातलं काहीही त्यांना घाबरायला पुरायचं. आमच्याकडे त्यांच्यासाठी फोन आला आणि बोलवायला गेलं, की पहिला प्रश्न, “कोण गेला गो?” बहुतेक वेळा त्यांची बहीण सावंतवाडीहून आंबे पाठवल्याचं सांगत असे.

परबभाऊंची गिरणी बंद पडून ते कांजूरमार्गच्या एका कारखान्यात लागले, त्याच वर्षी मला क्षय झाला. खोकल्यातून रक्त पडलं आणि डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरून जीभ टाळ्याला लावून ‘च्च’ केलं. दुखण्याची बातमी मजल्यावर माझ्याआधी पोचली. वर्षानुवर्षं नेलेली माझी मासिकं शेजाऱ्यांनी पहिल्यांदाच परत केली, उंबऱ्याबाहेर ठेवून. पोळ्यांच्या बाईंना अचानक गावी जावं लागलं. माझी मीनू तीन वर्षांची. तिला माझ्याजवळ ठेवायचं नव्हतं आणि ठेवायला दुसरं घर नव्हतं. परबवहिनी दारातूनच म्हणाल्या, “चेडवाक माझ्याकडे दी.” म्हणताना त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली होती.

तेव्हापासून दुपारी चारला, परबभाऊ पहिल्या पाळीहून येऊन मीनूला सांभाळू लागले, की वहिनी माझ्याकडे येत. मला उठवत नसे म्हणून दार नुसतं लोटलेलं असायचं. मी पडल्या पडल्या ऐकायची. त्यांच्या स्लिपरांचा आवाज गॅलरीतून यायचा, दारापाशी थांबायचा आणि मग काहीच नाही. या शांततेइतकं भयंकर मी काही अनुभवलेलं नाही. मरणाचं भय सवयीचं झालं होतं. पण या बाहेरच्या बाहेर परत फिरल्या तर? त्यांच्या मनाने घेतलं, तर मीनूही त्यांच्या घरी राहणार नव्हती. श्वास धरावा तर खोकला येई... मग बेल वाजे. उघड्या दाराची बेल. वहिनी आत येत, खिडकीजवळच्या स्टुलावर बसत आणि सांगत, “आज दोन पेजेचे वाटगे खाल्ल्यान. सुरमईचो काटो मी काढून दिलंय, भिया नको.”

माझा कप वेगळा होता. ओळखायला दांडीला लाल दोरा बांधलेला. एका रविवारी आमच्या यांनी चहा केला आणि गडबडीत तोच कप वहिनींच्या हातात दिला. अर्धा चहा झाल्यावर त्यांच्या बोटाला दोरा लागला. त्यांनी खाली पाहिलं. मी पाहिलं. हे मोरीशी उभे होते, तिथेच राहिले. वहिनींच्या हातातला कप बशीवर कडकड वाजायला लागला. मला वाटलं, आता फेकतील. त्यांनी डोळे मिटले आणि उरलेला चहा औषधासारखा पिऊन टाकला. “साखर जास्त झाली,” एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

सोमवारी चार वाजता स्लिपरा आल्या, थांबल्या. ती शांतता संपेचना. एकदा स्लिपरा मागे गेल्याचाही आवाज आला. मी उशीत तोंड खुपसलं... मीनूला आता कुठे ठेवायचं, कोणाच्या पाया पडायचं... आणि बेल वाजली. आत आल्या त्या घामाने डबडबलेल्या, आणि सांगितलं काय, तर मीनूने भाऊंच्या मिशीला फणी लावली.

मी पूर्ण बरी झाले तेव्हा त्यांना विचारलं, “वहिनी, तुम्हाला भीती नाही वाटली?”

“वाटूची नाय? माझो थोरलो भाव ह्याच दुखण्यान गेलो, परळच्या खोलयेत. रोज वाटायची.”

“मग येत का होतात?”

माझ्याकडे त्यांनी मठ्ठ मुलीकडे पाहावं तसं पाहिलं. “तुझा चेडू माझ्याकडे. ता जेवला की नाय, ह्या तुका कोण सांगतला?”

“आणि दार उघडं असताना बेल कशाला?”

“एकदा बेल मारली की मग मागे फिरूक येना नाय,” त्या म्हणाल्या.

करुणेवर मी बरंच वाचलं आहे, शाळेत त्यावर निबंधही तपासते. त्या सगळ्यात या बेलेचा कुठे उल्लेख नाही.

शोकसभेनंतर परबभाऊंकडे जाणं मजल्याने हळूहळू बंद केलं. ते बोलत नाहीत, कुकरकडे बघत बसतात, म्हणे. मीही टाळलं. मोठा पुरुष समोर रडायला लागला तर काय करायचं, हे मला कोणी शिकवलेलं नाही. परवा चारला मात्र चहाचा कप झाकून घेऊन गेले आणि त्यांच्या दारापाशी पाय थांबले. चहा बशीत सांडत होता. परत फिरायला चार पावलं पुरली असती.

आतून भाऊंचा आवाज आला. “कोण ता? दार उघडाच आसा.”

दार खरंच उघडं होतं. तरी मी बेल दाबली.