रीडिंगच्या उन्हातल्या कुरडया

मे महिन्याचे पहिले चार दिवस इतकं लख्ख ऊन पडलं की आईने गहू भिजत घातले. ती नागपूरची. तिथे मे महिन्यात आभाळाला विचारून कोणी गहू भिजवत नाही. बाबा गेल्यावर मी तिला सहा महिन्यांच्या व्हिसावर इंग्लंडला, रीडिंगला माझ्याकडे आणलं होतं. सहाच्या सहा महिने तिने राहावं आणि मग दरवर्षी यावं, एवढं एकच माझ्या मनात होतं. बॅगेतून तिने पितळी सोऱ्या काढला तेव्हा मला वाटलं, चला, करमणार हिला.

पण कुरडईचा गहू तीन दिवस भिजतो. रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. म्हणजे आज ऊन बघून भिजवलं तरी ऊन लागतं ते चार दिवसांनी, आणि इथे तर दुपारचंसुद्धा सकाळी सांगता येत नाही. त्या चौथ्या दिवशी सकाळी ऊन होतं, दहाला ढग, अकराला भुरभुर, बाराला पुन्हा ऊन आणि दोनला चक्क गारा. आईने कुरडयांचं प्लास्टिक आत आणलं, बाहेर नेलं, परत आत आणलं. दोन दिवसांनी त्यांना आंबूस वास यायला लागला. ती अंघोळीला गेलेली बघून मी त्या फूड वेस्टच्या डब्यात टाकल्या. बाहेर येऊन तिने रिकामं प्लास्टिक धुऊन ठेवलं. दुसरे गहू भिजवले.

तो महिना माझ्या अंगावर आला. सकाळी हीटिंग, दुपारी पंखा. ऑफिसला जाताना पिशवीत छत्री, गॉगल आणि स्वेटर, तिन्ही. मी लंडनच्या ट्रेनमध्ये असले की आईचा फोन यायचा, तिकडे ऊन आहे का म्हणून. तिकडच्या उन्हाचा हिला काय उपयोग, हे मी तिला दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा नुसतं हो म्हणाले. मीटिंगमध्ये लोक स्लाइड बघायचे आणि मी फोनवर पाऊस बघायचे. दुसरा घाणाही फुकट गेला.

तिसऱ्या वेळी मी घरूनच काम करत होते. क्लायंटचा कॉल चालू होता आणि खिडकीबाहेर अंधारून आलं. बघते तर आई बागेत उभी, हातात छत्री, आणि ती छत्री कुरडयांवर धरलेली. स्वतः चिंब. मी म्यूट करून धावले, प्लास्टिक ओढलं आणि घाईत अर्ध्या कुरडया मोडल्या.

"आई, रस्त्याच्या टोकाला दुकान आहे. कुरडयांचं पाकीट मिळतं तिथे. कशाला हा जिवाचा आटापिटा?"

ती खाली बसून तुकडे गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "मिळत असेल. मग मी काय करू इथं, तेवढं सांग."

कॉलवर माणसं थांबली होती, मी आत गेले.

संध्याकाळी जेवताना तिने तिकीट अलीकडे घेता येईल का विचारलं. इथली हवा मानवत नाही, गुडघे धरतात, म्हणाली. तिला येऊन दोन महिनेही झाले नव्हते. तारीख बदलायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

मैत्रिणींना मी अजून हवेचंच कारण सांगते, आणि त्या माना डोलावतात, कारण त्या मे महिन्याने सगळ्यांनाच पिडलं होतं. पण तिने तिकिटाचं विचारलं तेव्हा 'थांब' म्हणायच्या आधी मला हायसं वाटलं होतं. मी फार दमले होते. समोर बसलेल्या आईने ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं, आणि मग मी थांब म्हणाले त्याला काही अर्थ उरला नाही.