बंद दारामागची बरोबरी

दक्षिण चीनमधल्या फोशानच्या जुन्या बाजारातल्या ‘शांत लहर’ चहाघरात रोज सकाळी साडेसहाला एकच वाद पेटायचा: कुंग-फूच्या कोणत्या शैलीचा मार सगळ्यात जास्त लागतो? वाद घालणारे कोण, तर एक निवृत्त पोस्टमन, एक चष्मेवाला आणि फाट नावाचा मासेविक्या, ज्याने आयुष्यभर फक्त मेलेल्या माशांवर हात उगारला होता. हुंग-गारवाले म्हणायचे, पाय रोवून उभं राहिलं की म्हैस धडकली तरी माणूस हलत नाही. विंग-चुनवाले म्हणायचे, वीतभर अंतरावरून ठोसा घातला की काम तमाम, मग पाय रोवायचे कशाला? हे ऐकून चोय-ली-फातचा एखादा भक्त उठायचा आणि लांब हाताचा फटका कसा गरगरत येतो ते दाखवायचा. त्यात दिवा फुटला की त्या दिवसापुरता वाद मिटायचा.

चहाघराच्या मालकिणीची, लानताईची, सदतीस वर्षं यांना चहा पाजण्यात गेली. कोणी विचारलंच तर ती म्हणायची, हुंग-गारने गुडघे जातात, विंग-चुनने मनगटं जातात आणि चोय-ली-फातने माझे दिवे जातात. लोक हसायचे आणि पुन्हा विचारायचे, “ते नव्हे ताई, खरं सांगा. तुम्ही तर पाहिलंय.”

पाहिलं होतंच तिने. वस्ताद लोकांना एकमेकांची विद्या अजमावायची झाली तर ती चारचौघांत अजमावायची नाही, असा गावचा रिवाज. चहाघराच्या मागच्या खोलीत दोघांनी जायचं, दार लावून घ्यायचं. आत तिसरं माणूस एकच, साक्षीदार, आणि त्याला कुठलीच शैली येत नसली पाहिजे. लानताईला स्वयंपाक सोडून काहीच येत नव्हतं, म्हणून हा मान तिच्याकडे आला. सुरुवातीला तिने दोघांना चहा ओतायचा. शेवटी दार उघडून म्हणायचं, “कोणी वर नाही, कोणी खाली नाही.” आत काय झालं ते मात्र मरेपर्यंत पोटात ठेवायचं.

आणि आत काय व्हायचं? दाराकडे तोंड करून ठेवलेली खुर्ची मानाची. तिच्यावर आपण बसायचं नाही, समोरच्याला बसवायचं. पहिली दहा मिनिटं ‘तुम्ही बसा’, ‘छे, छे, तुम्हीच’ म्हणत दोघे एकमेकांना त्या खुर्चीत ढकलायचे, आणि खरी झटापट काय ती तेवढीच. मग रक्तदाबाच्या गोळ्या निघायच्या, जावयाच्या तक्रारी व्हायच्या, मुळ्याच्या वड्या संपायच्या. बाहेर शिष्य कान लावून बसलेत हे आठवलं की हुंग-गारचे क्वान वस्ताद टेबलावर एक सणसणीत थाप मारून “हा” करून ओरडायचे, आणि विंग-चुनचे पून वस्ताद स्वतःच्या सदऱ्याचं एक बटण तोडून खाली टाकायचे. सदतीस वर्षांत त्या खोलीत कोणी कोणाला चापटसुद्धा मारली नव्हती. बटणं मात्र लानताईकडे डबाभर जमली होती.

तिला यात काही वावगं वाटत नव्हतं. पून वस्तादांबद्दल तर तिच्या मनात माया होती. तिचा नवरा गेला तेव्हा हा माणूस सुतकाचे एकोणपन्नास दिवस रोज येऊन, एक शब्द न बोलता कोपऱ्यातल्या टेबलापाशी बसला होता. चहाचं भांडं रिकामं झालं की झाकण तिरपं ठेवायचं, तिने ओतला की दोन बोटांनी टेबलावर टकटक करून आभार मानायचे, एवढंच बोलणं. आता ते एकाहत्तर वर्षांचे होते. गेल्या शरदात छातीत कळ आली तेव्हा त्यांना इस्पितळात तिनेच नेलं, आणि हृदयात दोन स्टेंट बसवलेत हे ती आणि डॉक्टर सोडून कोणाला ठाऊक नव्हतं. शिष्यांना सांगितलं होतं, वस्ताद डोंगरावर साधनेला गेलेत.

अशात उत्तरेकडून तान पेंग आला. तिशीचा, रिंगणात पैजेच्या कुस्त्या मारलेला गडी, मोडलेल्या नाकाचा. गावोगाव फिरून वस्तादांना आव्हान द्यायचं आणि त्यांना लोळवलेलं मोबाइलवर दाखवायचं, हा त्याचा धंदा. भर चहाघरात त्याने सरळ विचारलं की इथली कुठली शैली खरोखर चालते? फाटने लगेच पून वस्तादांकडे बोट दाखवलं. चाळीस शिष्य बघत होते. वस्ताद उठले, सदरा सारखा केला आणि म्हणाले, “चला, मागच्या खोलीत.”

लानताईने आत दार लावून घेतलं. चहा ओतायच्या निमित्ताने ती तानच्या कानाशी वाकली.

“पोरा, या माणसाच्या काळजात दोन स्टेंट आहेत. तुझा एक ठोसा बसला तर हे दार मला उघडता यायचं नाही.”

तान दिसायला दांडगा, पण आतून भला निघाला बिचारा. वस्तादांनी पवित्रा घेतला, तानने मनगटाला मनगट लावलं, वस्तादांनी जरासं रेटलं आणि तो पठ्ठ्या धडपडत मागे जाऊन थेट मानाच्या खुर्चीत आदळला. उठून त्याने हात जोडले. दार उघडलं, लानताईने ठरलेलं वाक्य म्हटलं, आणि चहाघरात टांगलेल्या पिंजऱ्यांतले पक्षीसुद्धा गलक्याने दचकले.

तानने मोठ्या मनाने गावभर, देशभर सांगितलं की आजवर ज्यांना मी हरवू शकलो नाही असे हे एकच वस्ताद. झालं. पून वस्तादांकडे शिष्यांची रीघ लागली. चष्मेवाल्याने आपल्या दुकानावर ‘पून वस्तादांचा चष्मा इथे बनतो’ अशी पाटी लावली. क्वान वस्तादांच्या पोटात दुखायला लागलं. ते कोणालाही गाठून सांगायचे, जमीन निसरडी होती. वाद घालणाऱ्यांनी निकाल लावून टाकला की सगळ्या शैलींत विंग-चुन सरस. आणि पंधरा दिवसांत दक्षिणेच्या बंदरातून दुसऱ्या एका लढवय्याचा निरोप आला: वस्तादांना मी हरवणार, दिवस सांगा.

हा गडी भला वगैरे नव्हता. गेल्या वर्षी त्याने एका म्हाताऱ्याच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या आणि वर हसत फोटो काढले होते.

लानताई धावत पून वस्तादांच्या घरी गेली. ते आरशासमोर ठोसे मारत होते, दम लागलेला, ओठ निळसर पडलेले. तिने हरप्रकारे समजावलं, डॉक्टरांची आठवण दिली, नवऱ्याची शपथ घातली. त्यांच्या चेहऱ्यावर तिने कधी न पाहिलेलं तेज होतं.

“लान, तूच तर होतीस आत,” ते म्हणाले. “मी नुसता हात लावला आणि तो उडाला. मलाही माहीत नव्हतं, एवढं बळ आहे माझ्यात. या वेळी दार उघडं ठेवायचं. बघू दे सगळ्यांना.”

तिला रडू आलं आणि रागही आला, स्वतःचाच. कुठून बुद्धी सुचली आणि त्या पोराच्या कानाला लागले, असं तिला झालं. त्यांना वाचवायला गेली आणि मरायला तयार करून बसली.

रविवारी सकाळी चहाघर गच्च भरलं होतं. वस्ताद लढतीचा दिवस जाहीर करायला उभे राहिले तशी लानताईने किटली खाली ठेवली. सदतीस वर्षांत ती त्या ठरलेल्या वाक्याखेरीज मोठ्याने काही बोलली नव्हती, त्यामुळे सगळे गप्प झाले.

“त्या दिवशी बरोबरी झाली नव्हती,” ती म्हणाली. “पून वस्ताद हरले होते. त्या पोराला मी विनवलं, म्हणून तो आपण होऊन पडला. यांच्या छातीत दोन स्टेंट आहेत.”

क्वान वस्ताद खो-खो हसले. लानताई त्यांच्याकडे वळली. “तुम्ही कशाला हसता? बावीस वर्षं तुम्ही माझं टेबल बडवताय. कोणाच्या अंगाला तरी हात लावलात का?” मग तिने फळीवरचा डबा काढून बटणं टेबलावर ओतली. शिष्य आपापल्या वस्तादांच्या सदऱ्यांकडे बघायला लागले. फाटने उगाच आपली पेज ढवळली.

पून वस्तादांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, टोपी घेतली आणि निघून गेले.

हरलेल्या म्हाताऱ्याला पुन्हा हरवण्यात नाव कसलं? बंदरवाल्याने बेत रद्द केला. शिष्य निम्मे गळाले. साक्षीदाराचा मान एकमताने काढून घेण्यात आला, तो चष्मेवाल्याला मिळाला, आणि मागच्या खोलीतून पुन्हा पहिल्यासारखीच थाप आणि “हा” ऐकू यायला लागलं. वादही सुरू झाला. फरक एवढाच, की लानताईला आता कोणी काही विचारत नव्हतं.

पून वस्ताद रस्त्यापलीकडच्या नव्या चहाघरात बसायला लागले. ते खिडकीपाशी, रस्त्याकडे पाठ करून बसायचे, पण काचेतून लानताईला सगळं दिसायचं. दोन महिने ती बघत होती. तिथली पोरं सगळी मोबाइलमध्ये डोकं खुपसलेली. वस्तादांनी झाकण तिरपं ठेवलं तरी अर्धा अर्धा तास कोणी फिरकायचं नाही.

एका सकाळी झाकण तिरपंच राहिलेलं बघून तिला राहवेना. फाट “ताई, माझी पेज?” म्हणून ओरडत राहिला. तिने किटली उचलली, रस्ता ओलांडला, दुसऱ्याच्या दुकानात शिरली आणि भांड्यात चहा ओतला. वस्तादांनी मान वर केली नाही. ती वळून निघाली, तेवढ्यात मागे टेबलावर दोन बोटांची टकटक झाली.