विद्यावेतन घेणारी मुलगी

सात जुलै, सोमवार. रक्कम दरमहा दहा हजार रुपये. हजर होते ते असे : मोठे साहेब, त्यांच्या हाताखालचे दोन अधिकारी, आस्थापना शाखेचा एक क्लार्क, अकरा इंटर्न आणि त्यांचे पालक. पालकांमध्ये मी. मांडीवर पेढ्यांचा बॉक्स.

जागा बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयाचं सभागृह. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं तर लोक म्हणतील, तिथलंच आहे हे. तिथलंच नाही.

पेढे कशाला ते सांगतो. माझी मुलगी प्रज्ञा. बीए झालेली. पदवी झालेल्या मुलांनी सरकारी काम आतून बघावं, जमलं तर पुढे त्यातच यावं, यासाठी सरकारची चार महिन्यांची योजना आहे. महिन्याला विद्यावेतन मिळतं. तिची निवड झाली तेव्हा ती वाशीच्या मॉलमध्ये बिलिंगला होती. तिथे तेरा हजार होते. तेरा सोडून ती जूनमध्ये दहावर आली, कारण तिला स्पर्धा परीक्षा द्यायची होती आणि ज्या टेबलासाठी अभ्यास करतोय ते टेबल बघायचं होतं. तीन हजारांची तूट आम्ही घरात बसून मान्य केली.

मग कार्यालयातून फोन आला. पहिल्या विद्यावेतनाचा छोटा कार्यक्रम आहे, पालकांनी यावं. आमच्याकडे पहिला पगार झाला की ऑफिसात पेढे वाटतात. मला वाटलं, त्यासाठीच बोलावलंय. मी द्रोणागिरीच्या एका गोदामात टॅली क्लार्क आहे. कंटेनरमधून किती पेट्या उतरल्या, किती चढल्या, ते लिहायचं. अर्धी रजा टाकली. इस्त्रीचा शर्ट घातला. कोपरखैरण्याहून पेढे घेऊन गेलो.

साहेब चांगलं बोलले. सरकारी सेवा म्हणजे आधी देणं, मग घेणं, असं बोलले. मग म्हणाले, या कार्यालयाची एक प्रथा आहे. काही वर्षांपूर्वी इथल्या एका इंटर्नने विद्यावेतन नाकारलं. निवृत्त अधिकाऱ्याचा मुलगा होता. तेव्हापासून दर तुकडीत मुलं स्वतःहून विद्यावेतन सोडतात. सक्ती कुणावर नाही. ज्याला वाटेल त्याने उभं राहावं, पुढे यावं, सही करावी. त्याला सेवाव्रती म्हणायचं. गुलाबाचं फूल, फोटो. पुढचे तीन महिने साहेबांच्या दौऱ्यात आणि सुनावण्यांना सोबत.

जे घेतील त्यांचं काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. त्यांचा मुलगा पहिला उठला. टाळ्या. मग एक मुलगी. मग दोघं. मग टाळ्या थांबेचनात, आणि मुलं एकेक करून उठत गेली. सगळीच काही पाम बीच रोडच्या पैसेवाल्या घरांतली नव्हती. रेश्मा नावाची एक मुलगी होती. तिचे वडील आमच्याच सेक्टरमध्ये भाजीची गाडी लावतात. रेश्माने वडिलांकडे बघितलं. वडिलांनी आपल्या चपलांकडे बघितलं. ती उठली.

शेवटी खुर्च्यांवर एकटी प्रज्ञा उरली.

फोटोवाला थांबला होता. साहेब माइकवरूनच म्हणाले, "प्रज्ञा, बेटा?"

"सर, मी घेणार आहे."

"विचार कर. पैसा काय, पुढेही मिळेल."

"केलाय सर."

साहेब हसले. सभागृहाकडे बघून म्हणाले, "ठीक आहे. तुम्हा लोकांना प्रत्येक ठिकाणी काही ना काही मिळायची सवय असते. त्यात तुझा दोष नाही."

तुम्हा लोकांना. यादीत आडनाव होतं. ते त्यांनी वाचलं होतं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळ्यांनी समजून घेतल्यासारख्या माना हलवल्या. माझे कान तापले. प्रज्ञा समोर बघत होती. तिच्या मानेवरची शीर मला मागून दिसत होती.

तेवढ्यात शेजारच्या बाई माझ्याकडे वाकल्या. आवाज अगदी मऊ. "दादा, टेन्शन घेऊ नका. तिचे दहा मी दर महिन्याला तुम्हाला देईन. कुणाला कळणार नाही. पण तिला वर जाऊ द्या. एकटीच राहिलीय, बरं दिसत नाही."

त्या मनापासून बोलत होत्या. तेच सहन झालं नाही. साहेबांनी शिवी दिली होती, ती ओळखीची होती. ही नवी होती. सरकारने कामाचे पैसे दिले तर ते सोडायचे, आणि या बाईंनी दयेचे दिले तर ते घ्यायचे. म्हणजे फोटो पूर्ण होईल.

मी म्हणालो, "ताई, तिचे पैसे तिच्या कामाचे आहेत. तुमच्याकडे ती कामाला नाही."

त्या सरळ बसल्या. पर्स दुसऱ्या बाजूला घेतली.

कार्यक्रम संपल्यावर मी क्लार्कपुढे बॉक्स उघडला. त्याने हात पुढे केलाच होता. मागून साहेब आले.

"पेढे कशाचे?"

"मुलीचा पहिला पगार, साहेब."

"पगार नाही हो, विद्यावेतन. आणि ते अजून निघालेलं नाही."

क्लार्कने हात मागे घेतला. बॉक्स तसाच घरी आला.

घरी प्रज्ञाच्या आईने सगळं ऐकून घेतलं. एका शाळेत आया म्हणून काम करते ती. तिला लोक ओळखता येतात. ती म्हणाली, उठायचं होतं. चार महिन्यांचा प्रश्न होता, आपण कसंही ढकललं असतं, साहेबाशी वाकडं कशाला? मलाही थोडं तसंच वाटत होतं. प्रज्ञा म्हणाली, "मम्मी, मी उठले असते ना, तर उद्या तिथे जायचं तोंड राहिलं नसतं मला." आणि कपडे बदलायला आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून तिची बसायची जागा बदलली. दहा जण वर, साहेबांच्या दालनाशेजारी. ती तळमजल्यावर, अभिलेख कक्षात. जुन्या फायलींचे गठ्ठे सोडायचे, धूळ झटकायची, परत बांधायचे. मीटिंग असली की वरून बोलावणं यायचं. टेबलावर पाण्याच्या बाटल्या मांडायला. मांडून झालं की खाली. मीटिंगमध्ये काय ठरतं ते बघायला ती गेली होती. बाटल्यांची झाकणं बघून परत यायची.

रेश्माचं वेगळं. दौऱ्याला गाडीत साहेब आणि अधिकारी. मुलांनी आपापलं यायचं. उरण, पनवेल, कर्जत. रिक्षा, बस, जेवण, सगळं पदरचं. बाकीच्या मुलांना घरची गाडी. ही दोनदा प्रज्ञाकडून पैसे मागून घेऊन गेली. प्रज्ञाकडे तरी कुठले होते? मॉलच्या शेवटच्या पगारातले.

जुलै गेला. ऑगस्ट गेला. खात्यात काही नाही. प्रज्ञाने क्लार्कला विचारलं. तो म्हणाला, बिल तयार आहे, वरची सही नाही. परत विचारलं तर म्हणाला, तुझ्या एकटीसाठी वेगळं बिल काढावं लागतं ना, साहेबांना वेळ नाही.

अभ्यासिकेची फी थकली. तिने अभ्यासिका सोडली. घरी पुस्तकं उघडायची, तीही बंद झाली. एका संध्याकाळी बघितलं तर पुस्तकं कपाटावर चढवलेली. खाली चादर टाकून, नीट. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पप्पा, मॉलमध्ये परत विचारू का? मॅनेजर घेईल मला."

मी हिशेबी माणूस आहे. तोपर्यंत मी या प्रकरणाकडे येणं बाकी म्हणून बघत होतो. आज ना उद्या वसूल होईल. त्या संध्याकाळी कळलं की बुडतंय ते दुसरंच. सरकारी टेबलामागे आपण बसू शकतो, हे या पोरीला सहावीपासून वाटत होतं. ते वाटणं बंद होत होतं. आणि तिला कुणी काढलं नव्हतं. ती स्वतःच निघाली असती. साहेबांच्या हाताला डागही लागला नसता.

दुसऱ्या दिवशी पूर्ण रजा टाकली.

साहेबांनी बरंच थांबवून आत घेतलं. बस म्हणाले नाहीत. मी उभ्यानेच सांगितलं, मुलीचं बिल तीन महिने अडकलंय. साहेब फाईल बघत म्हणाले, तुमच्या मुलीला सेवेची ओढ नाही, तिला हे क्षेत्र झेपणार नाही, उगाच वेळ घालवतेय. मग मान वर करून म्हणाले, "आमच्या घरात तीन पिढ्या सरकारी सेवा आहे. सेवा रक्तात असावी लागते."

माझ्या आजोबांबद्दल मी कुठल्याही कार्यालयात कधी बोललो नव्हतो. गोदामातही नाही. कोपरखैरण्यात तर शेजाऱ्यांनाही आम्ही साताऱ्याकडचे, एवढंच माहीत. विहारात बोलतो, घरात बोलतो. बाहेर नाही. बाहेर नीट कपडे घालायचे, वेळेवर जायचं, आडनाव हळू आवाजात सांगायचं. पन्नाशी आली तरी हेच केलं.

मी म्हणालो, "आमच्या घरातही आहे, साहेब. माझे आजोबा महारकी करायचे. सरकारी अधिकारी गावात आला की त्याच्या घोड्याला गवत, चुलीला लाकडं. निघाला की त्याची ट्रंक डोक्यावर घेऊन पुढच्या गावाच्या वेशीपर्यंत. मजुरी नाही. नाही म्हणायची सोय नाही. यालाही सरकारी सेवाच म्हणायचे. आमच्या घरातली फुकट सेवा त्यांच्याबरोबर संपली. आता काम केलं की पैसे."

"आवाज कमी करा."

माझा आवाज मोठा नव्हता. मी खुर्ची ओढली आणि बसलो. म्हणालो, योजनेच्या आदेशात विद्यावेतन सोडायची प्रथा कुठल्या कलमात आहे, तेवढं लेखी द्या. ते मिळेपर्यंत बसतो. नाहीतर बिलावर सही करा.

साहेब म्हणाले, सिक्युरिटीला बोलावतो. बोलावा, म्हणालो. त्यांनी बेल दाबली. क्लार्क आला, आणि त्याच्या हातात प्रज्ञाचं बिल होतं. कुणी मागितलं नव्हतं. त्याने ते साहेबांपुढे ठेवलं आणि पेनाचं टोपण काढून दिलं. माझ्याकडे बघितलं नाही.

सही झाली. बाहेर आलो तेव्हा जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. राग आला होता, आणि तो साहेबांचा कमी होता. पन्नास वर्षं मी आजोबांना लपवून ठेवलं होतं, आणि मला वाटत होतं की मी स्वाभिमानाने जगतोय. ज्यांनी त्यांना फुकट राबवलं त्यांची लाज मी वागवत होतो.

त्या आठवड्यात रेश्मा वडिलांना घेऊन घरी आली. वडील दारातच उभे राहिले. हातात मेथीच्या दोन जुड्या. तिने सोडलेलं विद्यावेतन परत सुरू करायला अर्ज करता येतो का, असं विचारत होते. मी मेथीचे पैसे दिले, त्यांनी घेतले, मग आम्ही जमिनीवर बसून अर्ज लिहिला. सही तिने एका दमात केली. दुसऱ्या दिवसापासून तीही तळमजल्यावर. दोघी गठ्ठे बांधायच्या. खाली निदान हसण्याचा आवाज असतो, असं प्रज्ञा म्हणाली.

शेवटी प्रमाणपत्रं मिळाली. नऊ जणांच्या प्रमाणपत्रावर "उत्कृष्ट". या दोघींच्या "समाधानकारक". प्रज्ञाची आई म्हणाली, हे बघ, नडलंच ना. प्रज्ञाने स्टुलावर चढून पुस्तकं खाली काढली. परीक्षेचा फॉर्म भरलाय. याच कार्यालयात नेमणूक झाली तरी रुजू होईन म्हणते. पगार घेईन म्हणते, पूर्ण.

मीही ठरवलंय. आमच्या वस्तीतली जी मुलं पुढच्या तुकडीत जातील, त्यांच्या घरी आधी जाऊन सांगायचं : फोन येईल, कार्यक्रम असेल, टाळ्या वाजतील. उठू नका. पालक म्हणून कुणी नसेल तर मी येईन. रजा शिल्लक नसली तर बिनपगारी टाकीन.

आता रकमा. प्रज्ञाला चार महिन्यांचे चाळीस हजार मिळाले, तिच्या स्वतःच्या खात्यात. रेश्माला शेवटच्या महिन्याचे दहा. आधीच्या तीन महिन्यांचे तीस हजार स्वेच्छेने सोडलेले म्हणून परत मिळणार नाहीत, असं कार्यालयाने लेखी कळवलं. त्या उत्तरावर आम्ही वरच्या कार्यालयात अपील केलंय. खाली रेश्माची सही आहे, तिच्या वडिलांची आहे आणि माझी आहे.

नऊ सेवाव्रतींना एक गुलाब प्रत्येकी. साहेबांना त्यांचा पगार, एक तारखेला, दर महिन्याला.