सात नंबरचा बाविसावा दिवस

"डायरेक्टर नाही म्हणाले," असं मी डॉ. कर्णिक मॅडमना सांगितलं, ते खोटं होतं. सहा वर्षं हे मी कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

परळच्या एका संशोधन संस्थेत मी प्रशासकीय अधिकारी आहे. मॅडम मधुमेहावर काम करतात. इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी समुद्री शेवाळाच्या जेलीत गुंडाळून मधुमेही उंदराच्या पोटात ठेवायच्या. जेलीमुळे शरीर त्या पेशींना मारत नाही आणि उंदराला सुई लागत नाही. निदान आशा तशी होती.

सात नंबरच्या उंदराने ती खरी करायला घेतली होती. आमचे टेक्निशियन सावंत लालबागचे. त्यांची मुलगी तेव्हा आठवीत, चौथीपासून इन्शुलिनवर. रोज सकाळी ते माझ्या टेबलाशी यायचे.

"साहेब, सात नंबरची साखर एकशे बारा! वीस दिवस झाले, सुई नाय."

"छान."

"छान काय? पेढे मागवा!"

तेवढ्यात एकतीस मार्च आला. प्रोजेक्टचं पहिलं वर्ष संपलं. सरकारी अनुदानाचा दुसरा हप्ता यायला यूसी लागते, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचं प्रमाणपत्र. ती दिल्लीत कुठल्याशा टेबलावर पडून होती. हप्ता नाही, तर उंदरांच्या देखभालीचा खर्च टाकायचा कुठे? अशा वेळी प्रशासकीय अधिकारी फाइलवर नोट टाकतो, की मंजुरीच्या अपेक्षेने खर्च चालू ठेवावा. पुढे ऑडिटने विचारलं तर उत्तर त्याने द्यायचं.

डायरेक्टर म्हणाले होते, "नोट टाका, मी सही करतो."

मी टाकली नाही. जूनमध्ये माझं प्रमोशन होतं. आधीचा एक ऑडिट पॅरा, म्हणजे लेखी आक्षेप, नावावर होताच. मॅडमना मी ते पहिलं वाक्य ऐकवलं आणि प्रयोग बंद करायच्या फॉर्मवर त्यांची सही घेतली. बाविसाव्या दिवशी सगळे उंदीर मारले. नियम तसाच आहे.

हप्ता त्यानंतर नवव्या दिवशी जमा झाला. जूनमध्ये प्रमोशनही झालं.

मॅडम डायरेक्टरांशी पुन्हा बोलल्या नाहीत. त्यांच्या निरोप समारंभालाही गेल्या नाहीत. पण थांबल्याही नाहीत. तीन ठिकाणी अर्ज नामंजूर झाले. एका कमिटीने विचारलं, "बावीस दिवसांत काय सिद्ध होतं?" मॅडम म्हणाल्या, "तेविसावा दिवस बघायला हवा, हे सिद्ध होतं." चौथ्या ठिकाणी पैसे मिळाले.

गेल्या वर्षी पुन्हा तोच मार्च, पुन्हा हप्ता अडकलेला. मॅडम केबिनमध्ये आल्या. "या वेळी कोण नाही म्हणतंय?"

मी सगळं सांगून टाकलं. डोळे भरून आले. त्यांनी फाइल माझ्यापुढे सरकवली.

"आधी नोट लिहा. रडायचं ते नंतर."

मी लिहिलं : 'प्राणी ठेवावेत. जबाबदारी माझी.' अकाउंट्सचा फोन आला, "साहेब, रिटायरमेंटला चार वर्षं राहिलीत, कशाला लफड्यात पडता?" म्हटलं, "चार वर्षं आहेत म्हणूनच."

त्या तुकडीतला सर्वांत टिकलेला उंदीर अठ्ठ्याहत्तर दिवस सुईविना राहिला. मग साखर चढली. मधुमेह बरा झाला असं कुणी म्हणणार नाही. "अठ्ठ्याहत्तर म्हणजे बावीस नव्हेत," मॅडम म्हणाल्या आणि नवीन जेली करायला बसल्या. मला ऑडिट पॅरा आला. उत्तरात मी दिलगिरी व्यक्त केलेली नाही. करणारही नाही.

एक शिकलो. हप्ता उशिरा येतो, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत असतं. उंदराला ते कळवण्याची सोय नाही. तेवढ्यासाठीच तर माझी खुर्ची आहे.

डायरेक्टरसाहेब हिंदमाता थिएटरच्या मागे राहतात. मी खरं सांगितल्यावर मॅडम दुसऱ्याच दिवशी त्यांना भेटून आल्या. मी अजून गेलेलो नाही. आणि सावंतांना अजून वाटतं, ऑर्डर वरून आली होती. ती माझी होती, हे मी त्यांना समोर बसून सांगायचं बाकी आहे. बाविसाव्या दिवशी सात नंबर त्यांनीच हातात धरला होता.