पीक अवरचे धक्के

गावोगावच्या नळपाणी योजनांचं डिझाइन करायला लागलं की पाइपांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. मालवण तालुक्यात आल्यापासून मला बसलेले धक्के सांगत बसलो तर तुमचा चहा निवेल!

पहिली ग्रामसभा मसुऱ्याजवळच्या एका गावात. मी ऐटीत म्हणालो, "पीक अवरला पाणी अजिबात कमी पडणार नाही!"

मागून एक आजोबा उठले. "खंयच्या पिकाक रे? भाताक काय काजूक?"

*

मग माणशी मागणी काढायला घरोघर फिरलो. एका आजींना विचारलं, "घरात माणसं किती?"

"मी आणि आमचे म्हातारे."

"आणि चतुर्थीला?"

आजींनी अंगणाकडे हात केला. "मुंबैकार इले काय हयसर उभ्यान निजतत!"

*

तोंडवलीत आम्ही सगळ्यात जास्त मागणी सकाळची धरलेली. पण सीझनमध्ये रोज संध्याकाळी टाकी रिकामी! गळती शोधत एका होमस्टेत शिरलो, तर समुद्रातून आलेले बसभर पर्यटक नळाखाली!

मालकीणबाईंना म्हटलं, "अहो, हे आत्ताच पोहून आले ना?"

"मगे काय, तसेच मीठ लावन सुकत घालू त्यांका?"

*

चढावरच्या पाइपातली हवा बाहेर सोडायला आम्ही एअर व्हॉल्व्ह बसवतो. एकदा त्याच्या चेंबरमधून फुस्सऽ फुस्सऽ सुरू झालं आणि ओरड उठली, "नाग! नाग!" अख्खी वाडी काठ्या घेऊन हजर.

मी झाकण उघडून दाखवलं. "नाग नाही हो, लाइनीत हवा भरलीय."

"हवा? मगे पाणी?"

"आज... जरा उशिरा."

"त्यापरास नाग बरो होतो!"

*

आणि हा एक. एका गावात टेकडीच्या टोकाला एकच घर, हसनचाचांचं. खालच्या वाडीतले नळ चालू असले की वर थेंब चढायचा नाही. चतुर्थीच्या सकाळी तर अशक्यच! गणित मीच केलेलं.

त्या चतुर्थीला सकाळी टाकीवर गेलो, तर पाण्याची पातळी जेमतेम हलतेय. घरं पाहुण्यांनी भरलेली, आणि पाणी कुणीच घेत नाही? धावत वाडीत उतरलो. दारोदार रिकाम्या कळशा, आणि एकूण एक नळ बंद. पहिल्याच घरच्या सुलभाकाकी ओट्यावर स्वस्थ बसलेल्या.

"काकी, नळाला झालं काय?" मी ओरडलोच.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल रे. आमीच बंद केलंव. हसनचाचा आज पहाटे गेले. वर त्येंची शेवटची आंगोळ चालू आसा."