गुरुवारची खोली

निगडीला प्राधिकरणात आमचं घर उभं राहिलं तेव्हा शेजारी गॅरेजही झालं. आमच्याकडे गाडी नव्हती आणि येईल असंही कुणाला वाटत नव्हतं, पण मंजूर नकाशात गॅरेज होतं म्हणून वडिलांनी ते बांधून टाकलं. खाली त्यांची स्कूटर आणि आईचे रॉकेलचे डबे असायचे. वर एक अर्धवट माळा होता. चारी भिंती बिनगिलाव्याच्या, डोक्यावर सिमेंटचे उतरते पत्रे. एका अंगाला माणूस ताठ उभा राहायचा, दुसऱ्या अंगाला वाकावं लागायचं. खिडकीच्या जागी नुसतं भोक होतं. शिडी लावून तिथं कुणी जात नसे. कबुतरांनी तो आपला करून टाकला होता.

वडील पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. विजेच्या टंचाईमुळे आमच्या पट्ट्यातले कारखाने गुरुवारी बंद असत, त्यामुळे त्यांची सुट्टी गुरुवारी आणि माझ्या शाळेची रविवारी. पुण्यातले नातेवाईक रविवारी मोकळे, तेव्हा वडील कामावर. गुरुवारी सगळं जग आपापल्या उद्योगात असे आणि वडील ओट्यावर पेपर घेऊन बसलेले. मी शाळेतून आले की ते मला अभ्यासाचं विचारत, मग काय बोलावं ते दोघांनाही सुचत नसे. माझे वडील अबोल होते. त्यांना बोलतं करणारा एकच माणूस होता, तो म्हणजे त्यांच्याच खात्यातला एक फिटर.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. ते मराठवाड्यातून आलेले, वडिलांपेक्षा थोडे लहान, पिंपरीत चाळीतल्या एका खोलीत बायको आणि छोट्या मुलीबरोबर राहायचे. बुद्धजयंतीला त्यांच्या घरून खीर यायची, संक्रांतीला आमच्याकडून गुळाच्या पोळ्या जायच्या. ते वडिलांना दादा म्हणत आणि वडील त्यांना भाऊ. दोघे एकाच बेंचवर समोरासमोर काम करत. आई म्हणायची, घरी जितके शब्द बोलत नाहीत तितके तिथं बोलून येतात.

माळ्याची कल्पना काकांची. आणीबाणी उठली त्या सुमाराला ते एका गुरुवारी आले, शिडीवरून वर डोकावले आणि उतरल्यावर म्हणाले, की दादा, इथं आपल्याला खेळायची खोली होईल. वडील हसले. मोठ्या माणसांना खेळायला खोली कशाला, असं आईही म्हणाली. काकांनी तिला सांगितलं की त्यांच्या चाळीत दोन माणसं समोरासमोर बसली की तिसऱ्याला उठून बाहेर जावं लागतं, आणि रस्त्यावर उभं राहून किती गप्पा मारायच्या.

त्या हिवाळ्यात दोघांनी ती खोली केली. कारखान्यात परदेशी मशिनं यायची त्यांच्या मोठाल्या पेट्यांची लाकडं कामगारांना विकत मिळत. देवदारासारखा त्यांचा वास. ती हातगाडीवर घालून आणली. काकांनी जुन्या अँगलचा जिना बाहेरून बसवला, त्याला कठडा केला. वडिलांनी भिंती गिलावून घेतल्या. पत्र्याखाली उन्हाळ्यात भाजून निघणार म्हणून आधी बांबूच्या तट्ट्यांचा थर आणि त्याखाली त्या पेट्यांच्या फळ्यांचं छत घातलं. फळ्यांवर काळ्या शाईत परक्या देशांची गावं छापलेली होती. वडील ती बाजू आत दडवायला निघाले तर काका म्हणाले, राहू द्या, वाचायला बरं. मी शाळेतून आले की थेट वर जायचे. दोघे कामात असताना फारसं बोलत नसत. एकाने हात पुढे केला की दुसरा त्यात नेमकी हवी ती वस्तू ठेवायचा. इतकी वर्षं एका बेंचवर काम केल्याचा तो परिणाम असणार. वडिलांचा चेहरा मी इतका मोकळा आधी पाहिला नव्हता.

शेवटी काकांनी प्लायवूडचं टेबल टेनिसचं टेबल केलं. हिरवा रंग दिला, पांढऱ्या रेघा वडिलांनी ओढल्या. एक कॅरम आला. खिडकीला जाळी आणि दार लागलं. बस, खोली तयार.

तेव्हापासून गुरुवार बदलला. सकाळी काका, काकू आणि त्यांची मुलगी बसने यायची. खात्यातलं आणखीही कुणी ना कुणी असायचं. चेंडूचा टकटक आवाज खाली स्वयंपाकघरापर्यंत येई. पहिले काही आठवडे बायका खालीच राहिल्या. मग एके दिवशी पुरुष चहा प्यायला उतरले असताना काकूंनी बॅट हातात घेतली आणि आईला म्हणाल्या, या की. आईने पदर खोचला. तिला चेंडू लागेना, लागला की छताला जाई, आणि प्रत्येक वेळी ती इतकी हसे की डोळ्यांत पाणी यायचं. मी दारात दप्तर घेऊन उभी होते. माझी आई खेळू शकते हे मला तोवर माहीतच नव्हतं. पुढे दोघी कॅरममध्ये चांगल्याच तरबेज झाल्या आणि नवऱ्यांना हरवू लागल्या. छोटी मुलगी कोपऱ्यात पोत्यांच्या गादीवर झोपलेली असायची.

दोन वर्षं हे चाललं. मग वडिलांना सुपरवायझर केलं. काकांनीच पेढे वाटले. पण सुपरवायझर युनियनमध्ये राहू शकत नसे, त्यामुळे वडिलांना बाहेर पडावं लागलं. तेव्हा त्यात कुणाला काही वाटलं नाही. बेंच सुटला, गुरुवार होताच.

पुढच्याच वर्षी कारखान्यात संप झाला. कामगार गेटबाहेर मांडव घालून बसले आणि सुपरवायझरांनी आत जाऊन मशिनं चालवायची, असा कंपनीचा हुकूम आला. नाही गेलं तर नोकरी जाणार होती. वडील गेले. कंपनी त्यांना खिडक्यांना जाळ्या मारलेल्या बसमधून न्यायची. बस गेटवर आली की घोषणा व्हायच्या. एका सकाळी कुणीतरी बसवर बांगड्या फेकल्या. वडिलांनी घरी येऊन आईला ते सांगितलं. काका तिथंच उभे होते, असं ते म्हणाले. त्यांनी फेकल्या नाहीत, पण फेकणाऱ्याला अडवलंही नाही.

"अडवायला पाहिजे होतं का त्यांनी?" आईने विचारलं.

वडिलांनी जेवणाचा डबा मोरीत नेऊन ठेवला. मग म्हणाले, "त्याच्या जागी मी असतो तर मीही अडवलं नसतं."

गुरुवारी कुणी येईनासं झालं. वडील एकटे वर जात, खिडकी उघडून बसत आणि खाली येत. आई एकदा काकूंकडे धान्य घेऊन गेली. काकूंनी आदराने बसवलं, चहा केला, पण पिशवी परत हातात दिली. मांडवातले लोक कुणाकडून काय आलं ते बघतात, असं त्यांनी सांगितलं. आई ती पिशवी घेऊन परत आली आणि तशीच कोठीत ठेवून दिली.

संप मोडला. बहुतेक सगळ्यांना परत घेतलं, काहींना नाही. ज्यांना घेतलं नाही त्यांत काका होते. ते पुढारी नव्हते. मांडवात रोज दिसायचे एवढंच. आईला वाटलं, वडील आता सुपरवायझर आहेत, त्यांच्या शब्दाला वजन असेल. तिने काही दिवस वाट पाहिली आणि मग सरळ विचारलं, की तुम्ही साहेबांशी बोललात का. वडील जेवत होते. त्यांनी ताटावरून हात काढला.

"केबिनपर्यंत गेलो होतो," ते म्हणाले. "आत जायची हिंमत नाही झाली."

आई काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

काकांनी भोसरीत, चिंचवडला बऱ्याच लहान वर्कशॉपमध्ये कामासाठी विचारून पाहिलं. संपातला माणूस म्हटल्यावर कुणी ठेवून घेईना. पावसाळा संपता संपता त्यांनी गावी परतायचं ठरवलं. ते आमच्याकडे आले तेव्हा वडील कामावर होते. बहुधा मुद्दामच ती वेळ निवडली असावी. वर त्यांची हत्यारं राहिली होती, ती न्यायची होती. आईने मला त्यांच्याबरोबर किल्ली देऊन पाठवलं. त्यांनी हत्यारं एकेक करून पिशवीत भरली, टेबलावरची धूळ हाताने पुसली आणि मी कितवीत आहे ते विचारलं. दहावीत, म्हटलं. चांगलं शीक, म्हणाले.

खाली आईने चहा ठेवला होता. हे येईपर्यंत थांबा, असं तिने पुन्हा पुन्हा विनवलं. काकांनी चहा संपवला, कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला.

"वहिनी," ते म्हणाले, "मी काही रागावून नाही चाललो, दादांना सांगा. त्यांचं पोट त्यांना, माझं मला. पण आता त्यांच्यासमोर बसायला होईना गेलंय मला."

वडील संध्याकाळी आले, निरोप ऐकला आणि चपला न काढताच स्कूटर घेऊन पिंपरीला गेले. खोलीला कुलूप होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं की ते दुपारच्या एसटीनेच गेले. परत आल्यावर वडील गॅरेजच्या जिन्यावर बसून राहिले. आईने मला त्यांच्याजवळ जाऊ दिलं नाही.

त्यानंतर त्या खोलीत कुणी खेळलं नाही. मी आणि आई एकदा कॅरम घेऊन बसलो, पण तिचं लक्ष लागेना. टेबल भिंतीला उभं करून ठेवलं. वडिलांना पुढे आणखी बढती मिळाली. ते आधीपेक्षाही कमी बोलू लागले, आणि कामाला लागलेला कुणी नवा माणूस चांगला निघाला की एवढंच म्हणत, हात बरा आहे त्याचा. त्यात कुणाशी तुलना चालली आहे ते आम्हा दोघींना कळायचं.

माझं लग्न ठरलं तेव्हा पहिली पत्रिका काकांच्या गावी गेली. वडिलांनी पत्ता स्वतःच्या हाताने घातला. उत्तर आलं नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी काकू आल्या, एकट्या. हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी एक इरकल साडी. आईने त्यांना दारातच मिठी मारली. वडील मांडवाच्या माणसांशी बोलत होते, ते तसेच आले आणि काकूंच्या मागे रस्त्याकडे पाहू लागले.

"ते नाही आले?"

"आले होते, दादा," काकू म्हणाल्या. "शिवाजीनगरच्या स्टँडपर्यंत आले होते. मला निगडीच्या गाडीत बसवलं, आणि म्हणले, तू जा, मी हितंच बसतो. उद्या सांजच्या गाडीनं संगंच जाऊ."

म्हणजे ते त्या क्षणी स्टँडवर बसलेले होते. वडिलांनी हे ऐकलं आणि घरात गेले. मला वाटलं, सदरा घालून निघतील. आईलाही तसंच वाटलं, तिने स्कूटरची किल्ली काढून दिवाणावर ठेवली. घर पाहुण्यांनी भरलेलं, हळदीची घाई. वडील बाहेर आले तेव्हा त्यांनी एक डबा भरून आणला होता. त्यांनी माझ्या मामाला हाक मारली, स्टँडवर कुठे बसले असतील, कसे दिसतात ते समजावून सांगितलं आणि डबा देऊन पाठवलं.

मामा दोन-अडीच तासांनी परत आला. त्याला काका सापडले होते. डबा त्यांनी घेतला. मामाने घरी चलायला सांगितलं तर हात जोडले आणि मुलीला आशीर्वाद सांगा म्हणाले. वडिलांनी हे सगळं उभ्यानेच ऐकून घेतलं. मग डबा परत आणायच्या निमित्ताने तरी आपण जायला हवं होतं का, असं काहीतरी ते पुटपुटले. हळदीच्या गडबडीत तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. ते पुन्हा मांडवाकडे गेले आणि दोऱ्या ताणून बघू लागले.

दुसऱ्या दिवशी मी सासरी निघाले तेव्हा काकू आईजवळ उभ्या होत्या. दोघींनी एकमेकींचे हात धरले होते. वडील जरा लांब होते. निरोपाला मी वाकले तर त्यांनी मला उठवलं आणि म्हणाले, "कुणाशी काही अडलं तर लगेच जाऊन बोलायचं. वेळ जाऊ द्यायचा नाही." एवढं एकच त्यांनी मला लग्नात सांगितलं.